पपनसाचा रस, रोज एक खूण

सोमवार, ता. ३
सासऱ्यांकडे राहायला आलो. बरं वाटलं. हिला जाऊन सव्वा महिना झाला. रिकाम्या घराचं कुलूप उघडवत नव्हतं. इथे वरच्या मजल्यावरची खोली मिळाली आहे, उजेड भरपूर. शेजारच्या गल्लीतली मेहुणी भेटून गेली. भाऊजी, बाबांच्या तावडीत सापडलात, आता शिंकायचं तेही घड्याळ बघून, म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसलो.

सासरे चाळीस वर्षं कंपाउंडर होते. जेवताना त्यांनी हिच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारलं. आधी पाय दुखायचे, मग मूत्रपिंडं गेली, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, सेवेत कसूर केली नाही. हिला पपनस आवडायचं, म्हणून रोज सकाळी कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर मोठा पेलाभर रस मी स्वतः काढून द्यायचो. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. किती महिने, विचारलं. तीन, म्हटलं. मग त्यांनी मला भाजी वाढली.

गुरुवार, ता. ६
मलाही तीच गोळी चालू आहे हे कळल्यावर सासऱ्यांनी ती स्वतःच्या ताब्यात घेतली. सकाळी बशीत गोळी, शेजारी पपनसाचा रस. रसाच्या बाटलीला त्यांनी कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवली आहे. पूर्वी दवाखान्यात डोस कळावा म्हणून लावायचे, तशी. रोज एक खूण संपवायची. जावईबापू, थेंब उरता कामा नये, म्हणतात. ही गेल्यापासून माझी एवढी काळजी कोणी घेतली नव्हती.

बुधवार, ता. १२
मांड्या भरून आल्या आहेत. जिना चढताना दोनदा बसलो. मेहुणी म्हणाली, जन्मभर खुर्ची उबवलीत, आता पाय संपावर गेले. सासरे हसले नाहीत.

मंगळवार, ता. १८
लघवी काळपट झाली आहे, कोऱ्या चहासारखी. हिचीही अशीच—
सासऱ्यांना सांगितलं. कितव्या दिवशी, एवढंच विचारून त्यांनी वहीत लिहून घेतलं. बाटलीवरच्या खुणांमधलं अंतर आता दुप्पट आहे.

शुक्रवार, ता. २१
आज बशीखाली कागद होता. गोळ्यांच्या खोक्यात येतो तो, बारीक अक्षरांचा. हिच्या खोक्यातला मी दर वेळी चुरगाळून टाकायचो. कधी उघडलाच नाही. एका ओळीखाली लाल पेन्सिल. पपनसाच्या जातीच्या फळांचा रस घेऊ नये. औषध रक्तात साचतं. स्नायू झिजतात. मूत्रपिंडं—
म्हणजे मी. रोज सकाळी. माझ्या हाताने.
आणि त्यांना हे पहिल्याच दिवशी कळलं.

शनिवार, ता. २२
मेहुणी नाही. त्यांनी तिला आठवडाभर परगावी पाठवलं म्हणे. फोन खाली. जिना उतरवत नाही. हाका मारल्या, आवाज फुटत नाही.
रस खिडकीतून ओतला. मला जगायचं आहे. लिहायलाही लाज वाटते, पण आहे.

रविवार
त्यांनी पाहिलं होतं. नवा पेला घेऊन आले. रागावले नाहीत. समोर बसलेत. लिहून होऊ द्या, म्हणाले.
एकच विचारलं. तिने कधी नको म्हटलं होतं का.

म्हटलं होतं. शेवटच्या आठवड्यात. कडू लागतं म्हणाली, तोंड फिरवलं. मी हनुवटी धरून— घोटभरच, माझ्यासाठी म्हणून—

त्यांनी हे वाचलं. उठले. त्यांची बोटं माझ्या हनु