शार्दूलसाठी बापाशेजारची जागा

सूनबाई कौमुदी, लेकी स्वरूपा, नातवा रुद्र, आपल्या घरातले कर्ते पुरुष आपल्या वाट्याला कधी आलेच नाहीत. त्यांचा उजेड ऑफिसने घेतला, आपल्याला राख मिळाली. म्हणून हे तुमच्यासमोर वाचले जावे.

मी, ऊर्मिला हरीश देवस्थळी, राहणार हॅनोव्हर, निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे सबंध स्वहस्ते लिहीत आहे, कारण इथला कायदा टाइप केलेले मृत्युपत्र मानत नाही. साक्षीदार कायद्याला नकोत, मला हवेत.

१. राहते घर स्वरूपाला. ती ड्रेस्डेनच्या चिप कारखान्यात अर्धवेळ काम करते, दुपारी घरी येते, पोटभर जेवते. गणपतीच्या पंगतीत शार्दूल सर्वांदेखत म्हणाला, "ही आमची अर्ध्या पगाराची पणती. आई, मोठा तारा मी! गेनाऊ? बरोबर ना?"

२. मुलगा शार्दूल, एश्बॉर्नमधला बडा सल्लागार, याला कायद्याने द्यावाच लागतो तेवढा वाटा. त्याने माझे एकही व्याख्यान ऐकले नाही. आता उठून जाता येणार नाही. सूर्याचे आयुष्य एक हजार कोटी वर्षे. त्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा जेमतेम एक कोटी वर्षे जगतो. इंधन वीसपट, उधळपट्टी हजारो पट. ज्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही ते लाल, मिणमिणते बुटके तारे लाखो कोटी वर्षे तेवतील. औक्षण करताना तुम्ही त्याला म्हणता, "मोठा हो, दीर्घायुषी हो." आकाशात हे दोन आशीर्वाद एकत्र नांदत नाहीत.

३. दुर्बीण रुद्रला. तो जर्मनमध्येच उत्तर देतो. ताऱ्यांनाही मराठी येत नाही.

४. माझे पती हरीश बावन्नाव्या वर्षी मीटिंगमध्ये कोसळले. कंपनीने फुले पाठवली आणि सोमवारी त्यांच्या खुर्चीत दुसरा बसवला. त्यांच्या अस्थिकलशाशेजारी माझी जागा राखलेली आहे. इथे कबरही भाड्याने मिळते. मुदत मी वाढवली आहे. ती जागा शार्दूलला. माझी राख समुद्रात सोडा. शार्दूल आता एक्कावन्नचा आहे आणि छातीत कळ आली की म्हणतो, "आल्झो, म्हणजे, ॲसिडिटी आहे गं."

५. शार्दूल, इथे रडून दाखवू नकोस. कौमुदीला गाडी काढायला सांग आणि या क्षणी हॉस्पिटलात जाऊन हृदय तपासून घे.

साक्षीदार: वासंती पेठे (शेजारीण), कबीर मुजावर (माजी विद्यार्थी)

सही: ऊर्मिला हरीश देवस्थळी
हॅनोव्हर, ९ नोव्हेंबर २०२४