बासष्ट किलो

रविवार, २
एकदाचे नव्या घरात आलो! खरं सांगायचं तर घर मी नीट पाहिलंच नव्हतं, गॅरेज पाहिलं आणि हो म्हणालो. बायको येईल त्याला हेच सांगत सुटलीय. घराबरोबर गाडीही मिळाली. लाल, दोन दारांची, वेगासाठीच सजवलेली. आधीचा मालक वारला, त्याच्या बहिणीने सगळं विकलं. बायको गाडीला ‘सवत’ म्हणते. आमची मुंगी (लेक, सहा वर्षांची, अंगाने काडी, म्हणून मुंगी) गाडीभोवती दिवसभर नाचली. मालकाच्या बहिणीची एकच विनंती होती: ड्रायव्हरशेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला आहे, तो तसाच राहू द्या. मी मान डोलावली. अशी मान मी घरातही रोज डोलावतो.

सोमवार, ३
फेरफटका मारला. इंजिन झकास, पण ब्रेक मारला की गाडी शेजारच्या सीटच्या बाजूला ओढते. ब्रेक, टायर, अलाइनमेंट तपासलं, सगळं ठीक. माझा नियम साधा: एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक आकडा या वहीत.

गुरुवार, ६
चारही चाकांखाली वजनकाटे ठेवले. शेजारच्या सीटची बाजू बासष्ट किलोंनी जड. स्प्रिंग बदलले, डिकी रिकामी केली, गालिचे काढले. आकडा तोच, बासष्ट. डोकं पिकलं.

शनिवार, ८
सीटच काढून टाकली. गाडी हलकी करायची तर हौशी माणूस पहिला हात तिथेच घालतो. बहिणीचं बोलणं आठवलं, पण पट्ट्यासाठी कोण अडून बसणार? बकल उघडताना कोमट लागलं. गॅरेजमध्ये ऊन येत नाही.
सीटचे चौदा किलो गेले. बासष्ट गेले नाहीत, मागच्या चाकावर सरकले.

रविवार, ९
सकाळी काट्यांसमोर बसलो होतो. गाडीत कोणी नाही. आकडे बदलू लागले. मागच्या चाकावरून हळूहळू पुढे, मग ड्रायव्हरच्या बाजूला. गाडी तेवढीच दबली. बायकोला काही बोललो नाही.

सोमवार, १०
चारही काटे बरोबर. बासष्ट नाहीत. क्षणभर हायसं वाटलं. मग पाहिलं, ड्रायव्हरचं दार उघडं होतं. रात्री मीच लावलं होतं.

मंगळवार, ११
मालकाच्या बहिणीला फोन केला. तिने आधी विचारलं, सीट काढली नाहीत ना? काढली, म्हणालो. मग तिने सांगितलं, वहिनी त्याच सीटवर अपघातात गेली, भाऊ चालवत होता. त्यानंतर तो रोज तिला पट्टा लावून ठेवायचा, सुटली की ती कुणाला तरी धरून बसते म्हणायचा. घरात लहान कुणी आहे का, विचारलं तिने. हो म्हटल्यावर रडायलाच लागली. भीती वाटते आहे. लिहून ठेवतो, फार भीती वाटते आहे.

बुधवार, १२
बायको म्हणाली, मुंगी अचानक उचलेनाशी झालीय, कंबर धरली. हसत म्हणाली.
मुंगीला काट्यावर उभं केलं. एक्क्याऐंशी.
तिचं वजन एकोणीस आहे. काटा बिघडला असेल, बायको म्हणाली. मी उभा राहिलो. काटा बरोबर आहे.

गुरुवार, १३, सकाळ
सीट परत बसवतोय. चार बोल्ट. पाना सारखा निसटतो. ती बाई परत इथे बसली की पट्टा लावायचा आणि मुंगीला ओढून घ्यायचं — दुसरं काही सुचत नाही —

दुपार
बोलावलं नव्हतं. मुंगी स्वतःच आली. बसली. पट्टा लावला — तिला तो लावता येत नाही, कधीच येत नव्हता —
काटे: एक्क्याऐंशी जास्त. दोघीही आहेत. आता मुंगीला बाहेर —

बकल उघडत नाही. कात्री आणली, पट्टा कापला जात नाही. मुंगी हसते आहे. मी आकडे लिहितोय, हाताला सवय —

एकोणऐंशी —
सत्तर. कमी होतंय, देवा, सुटते आहे —
पासष्ट —

बासष्ट. थांबलं.

मुंगी अजून सीटवरच आहे. माझ्याकडे बघून हसते आहे. मग काट्यावर फक्त बासष्ट कसे, माझे एकोणीस किलो कुठे —