जिन्यातला हिमालय

१२ एप्रिल, रविवार
ठरलं. हिमालय. जूनमध्ये. मी आणि प्रिती, दोघंच.

कन्येने स्वतःच्या पगारातून बुकिंग केलं आणि आज जेवताना एकदम सांगितलं. जुलैत तिची बंगळूरला बदली. मग कुठली सुट्टी आणि कुठला पप्पा, त्याआधी आपण दोघांनी एकदा बर्फातला पास, म्हणजे उंचावरची खिंड, ओलांडायचाच, असं म्हणाली. माझे डोळे भरून आले. रुपालीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुम्ही? एवढंच. एका शब्दात नवऱ्याचा कचरा करायचा हातखंडा आहे बाईचा.

अट एकच. पास दुपारी बाराच्या आत ओलांडायचा. जूनमध्ये तिकडे दुपारनंतर वादळ येतं, गारा, विजा, सगळं. जो मागे राहील त्याला गाईड खाली पाठवतो, आणि त्याच्या जोडीदारालाही. मी हसलो. मागे राहणारे वेगळे असतात. त्यांचे चेहरेच सांगतात.

१५ एप्रिल
प्लॅन तयार. जिम नको, तिथली पोरं व्यायाम कमी आणि आरसा जास्त बघतात. आपल्या घराखाली फुकटचा डोंगर उभा आहे. टॉवरचा जिना! जुन्या चाळीत तळमजल्यावर जन्म काढला, चाळ पाडून टॉवर झाला आणि आता घरांच्या लॉटरीने सतराव्या मजल्यावर नेऊन बसवलंय, त्यामागे काहीतरी योजना असणारच. उद्यापासून ऑफिसमधून आलो की लिफ्ट बंद. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाच किलो तांदूळ. नायगावात हे कुणाला सुचलं नसेल.

१६ एप्रिल
पहिला दिवस. चौथ्या मजल्यापर्यंत उत्तम. तिथे शेवंतीकाकूचं दार उघडं होतं. चाळीत तिची खोली आमच्या खोलीला लागून. लॉटरीत आमच्या अख्ख्या पॅसेजची फाटाफूट झाली, कोण कुठल्या मजल्यावर पडलं ते लिफ्टमधून कळतही नाही. इथे आल्यापासून दारावरून चालत गेलेला पहिला माणूस मीच, म्हणे. हात धरून आत बसवलं. चहा, घावणे, चटणी. म्हाताऱ्या बाईला नाही म्हणणं वाईट दिसतं. वरचे मजले लिफ्टने. खाल्ल्यावर लगेच व्यायाम करू नये, हे शास्त्र आहे.

२१ एप्रिल
प्रगती. नवव्या मजल्यापर्यंत मजल! तिथे गुणाजीमामा, तेही आमच्या चाळीतलेच. दार उघडं, टीव्ही चालू, मॅच रंगात. दोन ओव्हर बघून उठणार होतो. मॅच सुपर ओव्हरला गेली, त्यात माझा काय दोष? मामींनी कांदाभजी केली. रात्री घरी जेवलो नाही तर रुपालीला संशय येईल, म्हणून परत जेवलो.

२८ एप्रिल
आज वैताग आला. शेवंतीकाकू म्हणाली, वर जातंस मां, मगे ह्यां नलूक दी. ह्यां म्हणजे सुक्या जवळ्याचा डबा. नलू चाळीतलीच, आता तेराव्या मजल्यावर. बरं, दिला. तर नलू म्हणाली, काकूचा डबा रिकामा कसा पाठवायचा, आणि त्यात शिरा भरून माझ्या हातात ठेवला. म्हणजे परत चौथ्या मजल्यावर. तिथे काकूने शिरा काढून घेतला आणि नलूचा चमचा आत राहिला म्हणून तो परत द्यायला दिला. चमच्याबरोबर चार लाडू.

संतापलो होतो, पण शांतपणे विचार केला. गिर्यारोहणात चढण्याइतकंच उतरणंही महत्त्वाचं असतं. सराव आपोआप होतोय. माणसाने दृष्टी ठेवावी.

५ मे
सॅकमधला तांदूळ काढावा लागला. जागाच नाही. आज नेलेला माल: नारळ, पायरी आंबे, इडलीपात्र, गुणाजीमामांचा गुडघ्याचा पट्टा. हे सगळं घेऊन जिना चढणं शक्य नाही, म्हणून सध्या लिफ्ट वापरतो आणि प्रत्येक मजल्यावर उतरून दारापर्यंत चालतो. लोक आता लिफ्टमध्येच विचारतात, नवव्यावर एक पिशवी द्यायचीय, घेणार का? मी कुरियर नाही, हे एकदा सगळ्यांना ठणकावून सांगणार आहे. उद्या नको, उद्या नलूकडे पुरणपोळी आहे.

१० मे
वजन तीन किलोने वाढलं. मसल. रुपाली म्हणते, मसल एवढं मऊ नसतं. तिच्याशी शास्त्रावर बोलण्यात अर्थ नाही.

प्रितीने विचारलं, पप्पा, न थांबता किती मजले होतात? मी म्हटलं, उंचीवर शरीराला सवय टप्प्याटप्प्यानेच लावायची असते, नाहीतर डोकं दुखतं. तिने मोबाईलवर कॅलेंडर उघडलं. जरा वेळाने म्हणाली, आपण चोवीसला कळसूबाई करू. तिथेही मे महिन्यात दुपारी वळीव येतो. बाराच्या आत माथा गाठला की झालं, मग मला काळजी नाही. म्हणजे परीक्षा! बापाची! हिला सायकल शिकवताना फाईव्ह गार्डनच्या किती फेऱ्या मारल्या होत्या मी, धावत, सीट धरून. ते सगळं विसरली.

१९ मे
खरेदी पूर्ण. पोंचो म्हणजे सॅकसकट अंगावर घ्यायचा रेनकोट, हेडलॅम्प, फोल्डिंगची काठी. विजांचा सखोल अभ्यास झालाय. वीज कडाडायला लागली की झाडाखाली थांबायचं नाही, लोखंडाला हात लावायचा नाही, काठी बाजूला ठेवायची. ऑफिसमध्ये लंच टाईमला सगळ्यांना समजावलं. शेजारच्या टेबलावरच्या बाप्टिस्टने विचारलं, ते ठीक आहे रे, पण तू चाललास किती? त्याला डोंगरातलं काय कळतं? हा माणूस परळ स्टेशनहून ऑफिसला शेअर टॅक्सीने येतो. मीही येतो, पण मी ताकद राखून ठेवतोय.

२५ मे, सोमवार
पाय उचलत नाहीत. रजा टाकली. झालं ते लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल.

काल पायथ्याच्या बारी गावातून उजाडायच्या आत निघालो. प्रिती पुढे, मी मागे. सुरुवात दणक्यात. पण माझ्या शरीरात काय बिघाड झालाय कोण जाणे. वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की ते आपोआप थांबतं आणि आजूबाजूला उघडं दार शोधतं. महिनाभर हीच सवय लावली ना त्याला! आणि कळसूबाईच्या वाटेवर दारांची कमी नाही. ठिकठिकाणी टपऱ्या. पहिल्या टपरीत लिंबू सरबत. दुसऱ्या टपरीवाल्याचा चुलता नायगावात आमच्या जुन्या चाळीच्या मागेच राहायचा, आता अशी ओळख निघाल्यावर उठून कसं जायचं? तिथे ताक. तिसऱ्या टपरीत कांदापोहे, ते मात्र खरंच हवेच होते.

माथ्याखालच्या लोखंडी शिडीशी पोचलो तेव्हा प्रिती खडकावर बसली होती. कधीची आलीस विचारलं, तर नुसतं घड्याळ दाखवलं. बारा वाजून गेले होते. ती दहाच्या आधीच तिथे आली होती. एकटी वर जाऊन परत आली असती, पण माझ्यासाठी थांबली. आणि तेवढ्यात आभाळ काळं झालं आणि गडगडलं. वरून माणसं धावत उतरत होती, शिडीला हात लावू नका म्हणून ओरडत होती. हे मला आधीच माहीत होतं. मी प्रितीला सांगितलंही, की बघ, लोखंड. ती म्हणाली, चल पप्पा, खाली जाऊ.

गारांनी पोंचो फाटला. दुकानदाराला सोडणार नाही.

गाडीत ती पूर्ण रस्ता डोळे मिटून होती. झोपली नव्हती. मला कळतं.

२९ मे
प्रितीने आज सांगितलं. माझं बुकिंग रद्द केलंय. ती एकटी जाणार, ग्रुपबरोबर. म्हणाली, तू मागे राहिलास तर मी तुला सोडून पुढे जाणार नाही पप्पा, आणि मला तो पास बघायचाय. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

रुपालीने चक्क माझ्या ताटात आणखी भात वाढला. तिने टोमणा मारायला हवा होता.

३० मे
मला पासबिस काही नको होतं. मला पोरीबरोबर जायचं होतं.

१ जून
कालपरवाचं जरा भावनेच्या भरात लिहिलंय. वस्तुस्थिती अशी की माझा डावा गुडघा दुखतोय आणि डॉक्टर नक्कीच नाही म्हणाले असते, मी गेलो असतो तर. ऑफिसमध्ये तसंच सांगितलं. बाप्टिस्ट म्हणाला, परवा उजवा होता ना? असली माणसं रेकॉर्ड ठेवतात.

टॉवरमध्ये सांगायची सोय नाही. शेवंतीकाकूने नवस बोललाय. नलूने मेथीचे लाडू पाठवलेत, बर्फात खायला. गुणाजीमामांनी त्यांची कानटोपी दिली, कडकडून मिठी मारली आणि सांभाळून ये म्हणाले. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

७ जून
प्रिती निघाली. टॅक्सीपर्यंत सॅक मी उचलून नेली. लाडू तिच्या सॅकमध्ये भरले, कानटोपीही. तिने वाकून नमस्कार केला आणि मग एकदम गळ्यातच पडली. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. त्याला चार शब्द सुनावले, जरा बरं वाटलं.

९ जून
सगळ्या मजल्यांचा समज आहे की मी हिमालयात आहे. त्यामुळे सकाळी सगळे उठायच्या आधी बाहेर, रात्री सगळे झोपल्यावर आत. लिफ्टमध्ये कुणी भेटेल म्हणून जिन्याने. आज सतरा मजले चढलो. सगळी दारं बंद, कुठेच थांबायची सोय नाही. घरी पोचल्यावर रुपालीने पाणी दिलं आणि म्हणाली, हेच एप्रिलमध्ये केलं असतंत तर! आधी पाणी प्यायलो. धाप लागली होती.

१३ जून, शनिवार
प्रितीचा फोन. रेंज आल्याबरोबर पहिला मलाच केला, आईला नाही.

काल अकराच्या सुमाराला पास ओलांडला. बारानंतर गारांनी झोडपलं. मागे राहिलेल्यांना गाईडने अर्ध्यातून परत पाठवलं, त्यात एक मायलेकींची जोडी होती. मुलगी पूर्ण उतार रडत होती, म्हणे.  त्या जोडीच्या जागी आम्ही दोघं असतो. ते तिलाही माहीत होतं, पण तिने म्हटलं नाही. मी म्हटलं, बघ, म्हणूनच मी विचार करून आलो नाही.

ती हसली. मग सांगायला लागली. ग्रुपमध्ये नाशिकचे एक काका आहेत, साठी उलटलेले. बर्फात पाय घसरायचा तिथे हात धरायचे. पासवर पोचल्यावर हिला रडू फुटलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजला. अगदी तुझ्यासारखे आहेत पप्पा, म्हणाली. तसेच बडबडे, तसेच सगळ्यांच्या चौकशा करणारे. फक्त ते चालतात.

मी हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय असं म्हणून फोन ठेवला.