आज कुठवर आयकलं, माय?

प्रिय माय,

पुस्तकं वाचून दाखवणारं तुझं बोलतं मशीन आज सकाळी मी दुसऱ्याला देऊन टाकलं. तुला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

पाटी मांडीवर घेतली आहे, जाड कागद लावला आहे आणि टोचते आहे. तू असतीस तर आतून ओरडली असतीस, "घरात कोंबडी दाणे टिपून राहिली का वं?" ब्रेल लिहिण्याचा आवाज तुला कोंबडीच्या चोचीसारखाच वाटला, अगदी शेवटपर्यंत!

थकले आहे गं. रडून नाही, रडणं केव्हाच आटोपलं. रोजच्या त्याच त्या बोलण्याने थकले. वाचनालयातल्या आमच्या अंध विभागात कुणी ना कुणी डोकावतोच आणि म्हणतो, "मॅडम, आता मोबाइलवर सगळं ऐकता येतं, एवढी ब्रेलची कपाटं कशाला अडवून ठेवता?" पूर्वी मी तावातावाने समजावायचे. आम्हाला स्वतःचं स्वतः वाचायचं असेल तर बोटंच लागतात, आणि ज्याची बोटं चालत नाहीत त्याला कान लागतात, आणि ज्याला काचेचा मोबाइल जमत नाही त्याला बटणांचं मशीन लागतं. आता नुसतं "हो ना" म्हणते आणि चहा पिते.

तुला हे सगळं कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तू ते धानाच्या पोत्याखाली शिकलीस.

आठवतं का ते? मी अंधशाळेच्या वसतिगृहातून दिवाळीला गावी, एकोडीला आले होते. वाटेत अवकाळी पाऊस आला, बसच्या टपावर माझी पेटी भिजली आणि आतलं ब्रेलचं पुस्तक फुगून वाकडंतिकडं झालं. तू ते उन्हात वाळवलंस. शिवाय पानं सरळ व्हावीत म्हणून धानाच्या पोत्याखाली ठेवून दिलंस. लुगड्याची घडी बसवायची तुझी रीतच ती! पुस्तक छान सरळ झालं. इतकं सरळ, की एकही टिंब माझ्या बोटाला लागेना.

"माय वं, अक्षरं कुठं गेली?" म्हणून मी भोकाड पसरलं.

"मले का मालूम, तुही अक्षरं उभी रायतेत मनून!" तू म्हणालीस. पण घाबरली होतीस. आवाजावरून कळलं मला.

मग तू पोती शिवायचं दाभण काढलंस आणि अंगणात उन्हाला बसलीस. जिथे जिथे टिंबाची पुसट खूण दिसेल तिथे मागून टोचून ते पुन्हा वर काढायचं. धानाच्या रोवणीला वाकतात तशी पाठ वाकवून तू त्या पुस्तकावर बसली होतीस, असं शेजारची काकू सांगत होती. केवढा तो खटाटोप! आणि एक गोष्ट तुला कुठून माहीत असणार, की ब्रेलच्या कागदावर दोन्ही बाजूंनी अक्षरं असतात? इकडची टिंबं वर, तर तिकडची खाली. तू सगळीच्या सगळी एकाच बाजूला वर काढलीस. दोन पानांचा काला झाला. मी बोट फिरवलं आणि हसतच सुटले.

"हासून काहून राहिली? डोये फुटले माहे टोचता टोचता!"

आणि एकदम गप्प झालीस. आपण कोणाला काय म्हणालो, हे तुझ्या ध्यानात आलं होतं. मी जास्तच हसले, तेव्हा कुठे तूही हसलीस.

दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेतून तेच पुस्तक डोळसांच्या अक्षरात मागून आणलंस. चौथी शिकलेली तू, एकेका शब्दाखाली बोट ठेवत अडखळत मला वाचून दाखवू लागलीस. म्हणालीस, "तू बोटानं वाचते, मी बी बोटानं वाचते. फरक काय हाये?" मी पुढे इतकी बोलकी पुस्तकं लोकांना दिली, पण मला पहिलं बोलकं पुस्तक तूच दिलंस. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर म्हणाली असतीस, "चाल, भाजी निवड."

मग तुझेच डोळे गेले. काचबिंदू. किती दिवस लपवलंस गं! शेतात बांधीच्या उंच धुऱ्यावरून पडलीस तेव्हा दादाला कळलं, आणि तुला भंडाऱ्याला माझ्याकडे आणून सोडलं. घरात दोघी आंधळ्या. तरी संध्याकाळ झाली की तुझा दिव्यासाठी हट्ट.

"कोणासाठी लावायचा माय? आपल्या दोघींना काय दिसतं?"

"आपल्याले नाही दिसत. लक्ष्मीले तं दिसते!"

तुला ब्रेल शिकवायला बसले तर आठवड्यात हात झटकून मोकळी झालीस. जन्मभर चिखलात रोवणी केलेली बोटं तुझी, त्यांना ते बारीक टिंब लागेचना. मोबाइल हातात दिला तर म्हणालीस, "या काचेवर कुठं काय हाये, मले का समजते?" शेवटी वाचनालयातून बटणांचं मशीन तुझ्या नावावर आणलं. पहिल्या पुस्तकात संगणकाचा आवाज होता. दोन मिनिटं ऐकलंस आणि ओरडलीस, "ही बाई दमच नाही घेत वं! हिले कोणी पाणी द्या!" मग मी माणसाच्या आवाजातली कादंबरी घातली. एक निवृत्त शिक्षिका ती वाचतात, मध्येच खोकतात, पान उलटल्याचा आवाज येतो. तो आवाज तुला मानवला.

आणि काय रंगलीस त्या कादंबरीत! एक मास्तरीण नवऱ्याचं घर सोडून दुसऱ्या गावी नोकरीला जाते. पहिल्याच दिवशी मी वाचनालयातून घरी आले तर तू दारातच सांगितलंस, "मास्तरीण पेटी घेऊन मोटारीत बसली. बेस केलं तिनं!"

तुझी एक अडचण होती. दुपारी जेवून खाटेवर पडून ऐकायचीस आणि ऐकता ऐकता झोपायचीस. मशीन मात्र वाचतच राहायचं. आपोआप बंद होण्याची सोय त्यात होती, पण तू ती लावू दिली नाहीस. "मशीन बंद झाली का मले जाग येते." म्हणून रोज संध्याकाळी मी आधी मशीन थांबवायची, मग विचारायची, "आज कुठवर आयकलं, माय?" तू आठवेल ते शेवटचं सांगायचीस. भांडण झालं तिथवर, विहिरीपाशी बाया बोलत होत्या तिथवर. मी तेवढं मागे नेऊन खूण लावायची. त्यापुढे एक ओळही ऐकायची मला बंदी होती.

"माह्यापुढं जाऊ नोको. तुले समजलं का तुह्या आवाजातून मले समजते."

खरंच गेले नाही गं मी पुढे. ती मास्तरीण नवऱ्याकडे परत जाते का, हा एकच घोर तुला लागला होता, आणि वाचनालयात त्या विभागाची किल्ली माझ्याकडे असून मलाही ते माहीत नव्हतं!

त्या दिवशी मी आले तेव्हा आतून वाचण्याचा आवाज येत होता. मास्तरीण चुलीवर चहा टाकत होती, दारात कुणीतरी आलं होतं, एवढं कानावर पडलं. मी नेहमीप्रमाणे आधी मशीन बंद केलं. मग तुझ्या खाटेवर बसून विचारलं, "आज कुठवर आयकलं, माय?"

तू बोलली नाहीस. झोपलीस असं वाटलं म्हणून परत विचारलं. मग तुझा हात हातात घेतला.

सगळे म्हणतात, सोन्यासारखं मरण आलं, झोपेत गेली. असेल. पण मला एकच विचारायचं आहे, आणि ते विचारायला तू नाहीस. आदल्या संध्याकाळची खूण आणि मी मशीन बंद केलं ती जागा, यांच्यामध्ये कुठल्या वाक्यावर तू गेलीस? मशीनला ते माहीत नाही. त्याच्या लेखी तू चहापर्यंत ऐकलंस. मी थोडी लवकर आले असते तर तू सांगितलं असतंस, असं थोडंच होणार होतं? पण मन तिथेच घुटमळतं. एवढंसुद्धा सांगून गेली नाहीस! रोज सांगायचीस ना?

तेरवी झाली तरी मशीन कपाटात माझ्या साड्यांखाली होतं. दादा म्हणाला, "ठिवून घे ना तुह्यापाशी. मायची आठवण हाये." मी म्हटलं, दादा, ते वाचनालयाचं आहे. तो म्हणाला, तिथे कोण विचारते? कोण विचारतं ते मलाच ठाऊक होतं, कारण फोन मलाच यायचे.

चिखल्याचे देवाजी काका विचारायचे. जन्मभर मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम केलं, निवृत्त झाले आणि साखरेने डोळे गेले. आमच्याकडे मशीनं मोजकीच, त्यांनी नंबर कधीचा लावून ठेवलेला. "बाई, मशीन आली का?" एवढंच विचारायचे, कधी चिडले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "खाणीत अंधार होता, पन डोक्यावर बत्ती होती. आन् सोबती बोलत रायत होते. आता घरात सारे आपापल्या कामाले जातेत." त्या दिवशी मला तुझा राग आला, माय. कपाटातलं ते मशीन तू मला नीट ठेवू देईनास आणि देऊही देईनास.

शेवटी मशीन वाचनालयात नेलं. नियम असा की नव्या माणसाला देताना आधीच्या माणसाची पुस्तकं आणि खूण पुसायची. इतक्यांचं पुसलं मी आजवर. मेलेल्यांचंही. कधी हात अडखळला नाही. तुझ्या वेळी मात्र बटणावर बोट ठेवायचं आणि उचलायचं, असं किती दिवस चाललं होतं, काय सांगू! विभागातले सहकारी म्हणाले, "मॅडम, द्या इकडे, मी करतो." मी दिलं नाही.

आज सकाळी देवाजी काका सुनेचा हात धरून तुमसरवरून बस बदलून आले. त्यांना बसवलं, बटणं बोटाखाली घालून दाखवली. हे चालू, हे बंद, हे मागे. विचारलं, कुठलं पुस्तक घालू? म्हणाले, "कोनतं बी चालते. पन वाचनारं मानूस पायजे."

मग मी तुझी कादंबरी पुसली नाही. फक्त खूण काढली. मागे न्यायचं बटण दाबून ठेवून पुस्तक अगदी पहिल्या पानावर नेलं. आवाजाने सांगितलं, "सुरुवात." तेवढाच शब्द. मी खाकरले, परत खाकरले. सुनेने विचारलं, "बाई, पानी देऊ का?"

गेले ते. मी चार वाजेपर्यंत कामात होते, असं म्हणायचं. कोरे कागदच मोजत बसले होते.

इथवर टोचलं आणि फोन वाजला, माय. आत्ता ठेवला.

देवाजी काका होते. अगदी ओशाळून बोलत होते. "बाई, रागावू नोका. घरी आलो, जेवलो, खाटेवर पडून आयकत होतो, तं डोया लागला ना मधात. मशीन चालूच रायली. मास्तरीण पेटी घेऊन मोटारीत बसली तिथवर मले आठवते. आता कुठं पोचली का मालूम. मागं कसं जाऊ?"

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. त्यांना वाटलं फोन कटला. "बाई? आयकून राहिल्या ना?"

मग मी त्यांना मागचं बटण समजावून सांगितलं. जरा मागे न्या, ऐका, नाही सापडलं तर अजून मागे न्या. त्यांना मोटार सापडली. फोनमधून मलाही ऐकू आली, वाचणाऱ्या बाईंच्या खोकल्यासकट! काका म्हणाले, "बेस केलं पोरीनं, निंगून गेली ते." मी त्यांना तुझं सांगितलं. की माझी मायही हेच म्हणाली होती, तीही अशीच झोपायची, आणि तिचं पुस्तक अर्ध्यात राहिलं.

त्यांनी मशीन बंद केलं. मग म्हणाले, "मंग असं करू ना बाई. रोज सांजेले मी तुमाले सांगीन, कुठवर आयकलं ते. मले बी सांगाले कोनी पायजेच."

तर माय, आता ऐक. तुझ्यापुढे मी अजूनही जाणार नाही. देवाजी काका जातील. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येईल आणि मी विचारीन, आज कुठवर आयकलं? एक दिवस ते तुझ्या जागेवर येतील, मला कळणारही नाही कुठल्या वाक्यावर, आणि तिथून पुढे जातील. मास्तरीण चहा टाकेल, दारात कोण आलंय ते उघड होईल. त्या संध्याकाळी मी फोन ठेवीन, तुझा दिवा लावीन, आणि रिकाम्या घरात मोठ्याने सांगेन, तो चहा कोणासाठी होता ते. शब्द आहे माझा. मग तू खुशाल म्हण, "मले मालूमच होतं."

दिवा लावायचा राहिलाय आजचा. उठते.

तुझी,
बेबी