‘आणि’च्या पुढचा शब्द

बुधवार, १८ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींनाही सांग, आणि पिल्लूला माझ्यातर्फे एक गालगुच्चा. मी ठीक आहे. जेवतो वेळेवर. खोलीत ऊन येतं, नळाला पाणी येतं, सोबती घोरतो, म्हणजे सगळं जिथल्या तिथे आहे.

तुझं पत्र पोचलं. बाबांचे गुडघे, तुझी रोजची बस, आपल्या सायकलच्या दुकानाचं शटर आणि ‘तू कधी येऊन दुकान घेतोस?’ हा प्रश्न, सगळं वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण इथे थोडा गोंधळ झाला. आधी तो सांगतो.

कॉलेज सोडून मी पाट्या रंगवतो, हे तुला माहीतच आहे. ‘तो जाहिरातीच्या क्षेत्रात आहे’ असं तू बाबांना सांगितलंस, त्याबद्दल आभार. आमच्या पेंटरमामांची एक पद्धत आहे. अक्षरं आधी सुटी काढायची, डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी. मामा म्हणतात, रेघ नाही तोवर शब्द गिऱ्हाइकाचा, त्याला बदलता येतो. रेघ ओढली की शब्द पाटीचा.

आमच्या गल्लीत कुलपांचं दुकान आहे. गल्ल्यावर कुलूपवाले काका बसतात, आत यंत्रावर त्यांची मुलगी किल्ल्या कापते. काकांचा हात आता थरथरतो, त्यामुळे अडकलेली कुलपंही तीच उघडते. किल्ली कापताना ती जीभ दातांत धरते. पाटीशी याचा काही संबंध नाही, सहज लिहिलं.

मी तिथे किल्ल्या करून घ्यायला जायचो. खोलीला दार एक आणि माझ्याकडे किल्ल्यांचा घोस झाला. सोबती म्हणाला, ‘अरे, आता एखादं घर तरी घे.’ तिनेही एकदा यंत्र थांबवून विचारलं होतं, ‘एवढ्या किल्ल्या वाटतोस कुणाला?’ मी म्हटलं, हरवतात. ‘दर आठवड्याला?’ ती हसली, आणि मी त्या हसण्यावर बराच मोठा इमला बांधला. तू माझी बहीण आहेस, इमल्याचं वर्णन तुला नको.

गेल्या महिन्यात काका मामांकडे आले. जुन्या पाटीवर त्यांच्या आडनावापुढे गंजाने खाल्लेली जागा होती. तिथे पत्रा नवा ठोकला होता. म्हणाले, ‘आडनाव तसंच राहू दे. पुढे लिही, आणि जावई.’

मामांनी विचारलं, ‘म्हणजे ठरलं?’

‘ठरलं. मुलगा चांगला आहे. बँकेत होता, ती सोडून दुकानात बसायला तयार आहे. अजून काय पाहिजे?’

मी रंगाचे डबे धूत होतो. डबा हातातून पडला, म्हणजे मी तो आपटला. मामा म्हणाले, ‘डब्याचं काय चुकलं?’

पाटी जागेवरच रंगवायची होती आणि माझं अक्षर बरं म्हणून मामांनी मलाच पाठवलं. काका दुपारी जेवायला घरी गेले. मी शिडीवर चढलो, खडूची दोरी मारून ओळ आखली, ‘आणि’ लिहिलं, त्यावर रेघ ओढली. मग माझं डोकं फिरलं. बँकेतून आलेल्या ज्या माणसाने साधी कडी कधी बसवली नसेल, त्याने पाटीवर चढायचं, आणि ती आत यंत्रावर जन्म काढणार! मी पुढे लिहिलं, ‘मुलगी’. छान लिहिलं. वेलांटी तर अशी वळली की खाली उभा असलेला चहावाला म्हणाला, ‘वा!’

रेघ ओढायच्या आत ती बाहेर आली. हाताला पितळेचा भुगा लागला होता. बराच वेळ वर बघत उभी राहिली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येतंय. तसं काही नव्हतं, समोरून ऊन येत होतं.

‘हे बाबांनी सांगितलं?’

‘नाही. मी लिहिलं.’

‘खाली ये.’

उतरलो. तिने विचारलं, ‘तुला कुणी सांगितलं, मला हे हवंय?’

मी म्हणालो, ‘तुझ्यावर अन्याय होतोय. तुझं लग्न लावून दुकान दुसऱ्याला...’

‘लग्न मी ठरवलंय. मुलगा मी आणलाय. बाबांनी फक्त हो म्हटलं.’

ताई, यानंतर ती बरंच बोलली, पण मला सलग ऐकू आलं नाही. जेवढं आठवतं ते असं. ‘तो माझा नवरा होणार आहे, दुकानाचा नाही. त्याला कुलपांतलं काही कळत नाही, शिकेल तेव्हा शिकेल. बाबांना जावई लिहायचाय, तुला मुलगी लिहायचीय. मी घरी मुलगी आहे रे. इथे मी कुलपं उघडते. दोघांपैकी एकाला तरी मला विचारावंसं वाटलं का?’

मी म्हटलं, मला तू आवडतेस. हे तिथे, भर दुपारी, चहावाल्यासमोर. चहावाल्याने फडकं उचललं आणि उगाच बाकडं पुसायला लागला.

ती म्हणाली, ‘ते किल्ल्यांवरून कळलं होतं. म्हणून तर विचारलं होतं, वाटतोस कुणाला. तू म्हणालास, हरवतात.’

मग तिने माझ्या हातातलं रॉकेलचं फडकं घेतलं, शिडीवर चढली आणि ‘मुलगी’ पुसून टाकली. रंग ओला होता, झटकन गेला. ‘आणि’ला रेघ होती, तो ठेवला. शिडीवरूनच म्हणाली, ‘पुढचं मी ठरवून सांगते.’

काका जेवून आले तेव्हा पाटीवर त्यांचं आडनाव, मग ‘आणि’, मग कोरा पत्रा. ते माझ्यावर ओरडले. ती आतून म्हणाली, ‘त्याला सोडा, मी पुसलंय.’ मग ते तिच्यावर ओरडले. मग एक बाई मोडकी किल्ली घेऊन आली आणि सगळ्यांना कामाला लागावं लागलं.

पाटी अजून तशीच आहे. गल्लीतले लोक येता-जाता विचारतात, ‘आणि काय?’ तिला तर ते गिऱ्हाइकाला रोज विचारायचं वाक्यच. ती काउंटरवरून तोंड वर न करता म्हणते, ‘आणि काय देऊ, बोला.’ परवा मी खुद्द काकांना तसं म्हणताना ऐकलं. जावईही मी पाहिला. यंत्राजवळ स्टूल घेऊन बसला होता, बोट कापून घेतलं होतं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मामांनी मला काढलं नाही. ‘अक्षर चांगलं आहे, डोकं कच्चं आहे,’ एवढंच म्हणाले. दुकानांच्या पाट्या मात्र बंद. सध्या मी फाटकांवर ‘येथे वाहने लावू नयेत’ लिहितो. त्यात मनचं घालायला जागा नसते.

आता तुझ्या पत्राचं. ते मी परत वाचलं. बाबांचे गुडघे तू दोन ओळींत आटपलेस. नंतर पानभर चाकं सरळ करायच्या नव्या स्टँडबद्दल आहे. तो कुठून मागवला, आरे कसे ताणायचे, शाळेच्या मुलांच्या सायकली संध्याकाळपर्यंत कशा तयार होतात. आणि शेवटी, ‘तू ये आणि दुकान घे.’ ‘मी थकले’ असं कुठेही नाही. मी शोधलं.

आपल्या दुकानाची पाटी आठवते ना? बाबांचं आडनाव, ‘आणि चिरंजीव’. मी जन्मलो त्या वर्षी रंगवलेली. तू तेव्हाच पंक्चर काढायचीस. मी थोडा मोठा झाल्यावर एका गिऱ्हाइकाने वर वाचून तुला विचारलं होतं, ‘चिरंजीव कुठे आहेत?’ तू पाना माझ्याकडे रोखलास. ‘तो काय, टायरमध्ये बसून बिस्कीट खातोय.’ सगळे हसले, मीही हसलो. तू हसलीस का, ते मला आठवत नाही.

मी येतो. पॉलिशपेपर आणि ब्रश घेऊन येतो. इतक्या वर्षांचा रंग रॉकेलने निघायचा नाही, घासावाच लागेल. पण पुढे काय लिहायचं ते यावेळी मी ठरवणार नाही. दुकान तुला हवंय का? नको असेल तर तसं लिही, मी येऊन चाकं सरळ करायला शिकेन, तुझ्या शिव्या खात. हवं असेल तर नुसता शब्द पाठव. बाबांशी मी बोलेन, न ओरडता. तू शेजारी उभी राहा, म्हणजे जमेल.

अक्षरं मी काढीन. रेघ तू ओढ.

उत्तराची वाट बघणारा,
पाटीवरचा चिरंजीव