रबरी पट्ट्या आणि बाईंकडचे निरोप

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार, आणि मामींनाही तितकाच वाकून. तुमची प्रकृती ठणठणीत आहे असं धरून चालतो. मी करून दिलेली कवळी आता बोलताना खटखटत नसावी. (खटखटत असेल तर रोज पाण्यात ठेवत जा, तरीही खटखटली तर बोलणं जरा कमी करा. हा सल्ला डॉक्टर म्हणून नाही, भाचा म्हणून.) नव्या घरात बस्तान बसलं का, मामींना स्वयंपाकघर आवडलं का, सगळं सविस्तर कळवा. आम्ही इकडे मजेत आहोत. म्हणजे माणसं मजेत आहेत. विमानाचं मात्र जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्हाला ठाऊक आहेच की मी आणि माझे साडू, चष्म्याच्या दुकानवाले, अशा दोघांनी मिळून एक जुनं छोटं विमान घेतलं. (त्यावर तुम्ही जे उद्गार काढले होते ते आम्हा दोघांच्याही सासूबाईंपर्यंत पोचले. आभारी आहे.) ते घेतलं एका वयस्कर बाईंकडून. बाई शाळेत शिकवत असत, त्यामुळे अख्खं गाव त्यांना नुसतं बाईच म्हणतं. त्यांच्या यजमानांनी हे विमान आयुष्यभर चालवलं, जिवापाड सांभाळलं, आणि शेवटी घरच्या पलंगावर झोपेत गेले. (हे मुद्दाम लिहितो, कारण मामी पहिला प्रश्न तोच विचारतील.) किल्ली हातात देताना बाई शांतपणे म्हणाल्या, "हे येतील अधूनमधून बघायला. तुमची हरकत नाही ना?" आता गेलेल्या माणसाच्या बायकोला काय सांगायचं? साडू अत्यंत अदबीने म्हणाले, "छे छे, अवश्य येऊ द्या." मामा, ह्या गृहस्थाला अदब कुठे दाखवावी ते कळत नाही.

महिनाभर काही झालं नाही. मग इंजिनाच्या मागच्या डाव्या सिलिंडरचं तापमान चढायला लागलं. विमानतळ म्हणजे गवताची पट्टी आणि एक पत्र्याची शेड. तिथल्या मिस्त्रींनी इंजिनावरचं झाकण काढलं आणि आम्हाला जवळ बोलावलं. ह्या इंजिनाला पाणी वगैरे नसतं, ते वाऱ्यावर थंड होतं. समोरून वारा आत शिरतो, आणि त्याने इकडेतिकडे न भटकता सिलिंडरांच्या मधूनच खाली जावं म्हणून भोवती पत्र्याची भिंत असते. भिंत आणि झाकण यांच्यातली फट बुजवायला भिंतीच्या काठावर रबरी पट्ट्या असतात. आमच्या पट्ट्या वाळून जुन्या चपलेच्या तळासारख्या झाल्या होत्या. जागोजाग चिरा, कडेला तुकडे उडालेले. "वारा वरच्यावर पळून जातोय," मिस्त्री म्हणाले, "सगळ्या बदला." मिस्त्री फार बोलत नाहीत. एवढं बोलून ते आमच्याकडे असं बघत राहिले की आम्ही दोघांनी बाह्या सरसावल्या.

पट्ट्या पत्र्याला जखडणारे जुने रिव्हेट काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण बारीक ड्रिल हातात धरायची मला सवय आहे. (एका रिव्हेटला सवयीने म्हणालो, "दुखलं तर हात वर करा." साडू अजून हसतात.) साडूंनी जुनी पट्टी नमुना म्हणून नव्या लाल रबरावर ठेवली आणि चष्म्याची काच कापावी तशी श्वास रोखून एकेक कापली. मिस्त्री प्रत्येक पट्टी हातात घेऊन एकच गोष्ट बजावत होते: पट्टी आतल्या अंगाला झुकलेली हवी. आत झुकली की वारा तिला झाकणावर दाबून धरतो. बाहेर झुकली की तोच वारा तिला दारासारखी उघडतो, आणि सगळं मुसळ केरात.

इंजिनाच्या मागे, जिथे मान जात नाही, तिथे बघायला मी दवाखान्यातला आरसा नेला होता, तो तोंडात घालायचा लांब दांडीचा. तो आत सरकवून रिव्हेट नीट बसले का बघत होतो, तेवढ्यात आरशात एक डोळा दिसला. दचकायचं कारण नव्हतं. आरशात आपलाच डोळा दिसायचा. पण वरची भुवई पांढरीशुभ्र होती. मी आरसा हलवला, डोळा हलला नाही. मग मी आरसा काढला, घाम पुसला, पुन्हा आत घातला, तर रबर, पत्रा आणि रिव्हेट. (माझ्या भुवयांचा रंग मी कसा टिकवून आहे हे तुम्हाला माहीत आहे. तो घामाने उतरला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. घरी येऊन पाहिलं. उतरला नव्हता.)

झाकण बसवून पेच आवळले तेव्हा बाई आल्या. घडीची खुर्ची घेऊन त्या मधूनमधून येत आणि शेडच्या दारात पाठ आमच्याकडे करून बसत. त्या दिवशीही तशाच बसल्या, जरा वेळ बाहेरच्या गवताकडे बघत राहिल्या आणि मान न वळवता म्हणाल्या, "हे म्हणतात, मागच्या कोपऱ्यातली डावीकडची पट्टी उलटी झालीय."

मी शेडमध्ये चहूकडे पाहिलं. "हे" म्हणजे आम्हा तिघांपैकी कोण, असं मला खरंच वाटलं. साडू हसले आणि म्हणाले, "बाई, ती मी स्वतः बसवलीय, एकदम सरळ." बाई म्हणाल्या, "बसवलीत सरळच. झाकण लावताना उलटली." मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी पेचकस उचलला, आवळलेले सगळे पेच पुन्हा काढले आणि झाकण उचललं. मागच्या कोपऱ्यात, डावीकडे, हातभर पट्टी बाहेरच्या अंगाला मुडपून बसली होती. झाकण बंद असताना ती बाहेरून कुणालाच दिसली नसती, आणि बाई तर गवताकडे बघत होत्या. साडूंनी पट्टी सरळ केली. मग सरसावलेल्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या आणि म्हणाले, थंडी वाजतेय. (उकाड्याने पत्रा तापला होता.)

दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाणाची चाचणी. मिस्त्रींनी आपली हत्यारं मोजून पेटीत ठेवलेली, सगळी जागच्या जागी. मी आणि साडू आत बसलो, पट्टे बांधले, मी इंजिन सुरू करणार इतक्यात बाई लगबगीने येताना दिसल्या. आज खुर्ची नव्हती. चपला पायांत वेगवेगळ्या. त्या सरळ विमानाच्या नाकावरच्या पंख्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात आडवे धरले. मी खिडकी उघडली.

"आत काहीतरी राहिलंय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "चांदीसारखं आहे, डोळ्याएवढं. हे पहाटेपासून माझ्यामागे लागलेत, मला चहासुद्धा घेऊ दिला नाही."

मामा, ते काय असेल हे मला त्याच क्षणी कळलं. मिस्त्रींनी हत्यारं मोजली होती ती त्यांची. माझा आरसा त्या मोजदादीत नव्हताच. झाकण निघालं. आरसा इंजिनाच्या मागे घसरून, वेग कमीजास्त करणाऱ्या दांड्याच्या सांध्यात जाऊन टेकला होता. मिस्त्रींनी मला फक्त करून दाखवलं: दांडा पूर्ण पुढे सरकवला, तो जिथे गेला तिथेच अडकला. मागे येईना. म्हणजे चढलो असतो झकास. उतरायच्या वेळी वेग कमी झाला नसता. मिस्त्रींनी आरसा काढून माझ्या हातात ठेवला. मी तो खिशात घातला तेव्हा तो बर्फासारखा गार होता.

बाईंना साडूंनी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मी त्यांच्या पाया पडलो. त्या संकोचून म्हणाल्या, "माझ्या कसल्या पडता," आणि माझ्या डाव्या खांद्याच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. मी तिकडेही नमस्कार केला. अदबीचा संसर्ग होतो म्हणायचा.

त्यानंतर उडालो. सांगायला आनंद वाटतो की विमान लोण्यासारखं चाललं, मागच्या डाव्या सिलिंडरचं तापमान इतरांच्या बरोबरीने राहिलं, आणि नव्या पट्ट्या चोख ठरल्या. धावपट्टीच्या टोकाला बाई उभ्या होत्या आणि हात हलवत होत्या. मीही हात हलवला. मग लक्षात आलं की त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. त्या मागच्या खिडकीकडे बघून हात हलवत होत्या. मागची सीट रिकामी होती. निदान असावी. साडूंनी पूर्ण फेरीत मागे वळून पाहिलं नाही, आणि मीही नाही. खाली आल्यावर दोघंही आपापल्या बाजूने असे उतरलो की कुणाला मधे वाट द्यायची असावी.

एकंदरीत सर्व क्षेम आहे. काळजी नसावी. मामींना पुन्हा नमस्कार.

आपला,
दातांचा भाचा

ता. क. हे पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात बाई दवाखान्यात आल्या. बाहेर पेशंट बसलेले. मी म्हटलं, दात दुखतोय का? त्या म्हणाल्या, "नाही हो, निरोप आहे. पण ह्या वेळी विमानाचा नाही. तुमच्या मामांना सांगा, टाकीच्या शिडीची वरून दुसरी पायरी." मी विचारलं, तिचं काय? त्या म्हणाल्या, "पुढे बोलले नाहीत. तुटकच बोलतात, पहिल्यापासूनच." आणि गेल्या. मामा, मला मामा आहेत हे मी बाईंना कधीही सांगितलेलं नाही. तुमच्या नव्या घरी मी अजून आलेलो नाही; तिथे टाकीला शिडी आहे की नाही हे मला माहीत नाही.

पुन्हा ता. क. पेशंटच्या तोंडात कापूस तसाच ठेवून तुम्हाला फोन लावला. मामींनी उचलला. मामा कुठे विचारलं, तर म्हणाल्या, "टाकी वाहतेय ना, वर निघालेत." मी इतक्या जोरात ओरडलो की पेशंटने कापूस गिळला. (सुखरूप आहे.) त्यावर मामींनी तुम्हाला हाक मारली, तुम्ही खाली आलात, आणि फोनवर मला जे काही म्हणालात ते मी विसरायला तयार आहे. कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही. तुम्ही हसला असतात आणि हसत हसत वर गेला असतात. म्हणून फक्त एवढंच वचन घेतलं की माझं पत्र हाती पडेपर्यंत चढणार नाही. आता कारण तुमच्या हाती आहे.

शेवटचं. शिडी आडवी पाडा आणि ती पायरी जमिनीवर बसून, हाताने हलवून बघा. घट्ट निघाली तर उलट टपाली कळवा, म्हणजे मी बाईंसाठी चांगला डॉक्टर शोधीन. हलली, तर मात्र मला काहीएक कळवू नका. रविवारी मला त्या विमानात बसायचं आहे, आणि साडू येणार नाहीत. मागची सीट सोडली तर मी एकटाच आहे.