डावा स्पीकर

१२ फेब्रुवारी

बेल वाजली तेव्हाच ओळखलं, कुरिअर. आमच्या गल्लीत बेल फक्त कुरिअरवाला वाजवतो. माणसं खालून हाक मारतात. म्हणजे मारायची!

खोक्यात ऋतुराजचा जुना होम थिएटरचा रिसीव्हर. पुण्यात त्यानं नवीन घेतला, म्हणून हा बापाला. टीव्हीचा आवाज स्पीकरना पोचवणारा डबा, काळा, जड, मागं नुसती भोकंच भोकं. स्पीकर एकही नाही! फोन केला तर चिरंजीव म्हणतात, "पप्पा, लगेच काही घेऊ नका. तसंही तुम्हाला आता इकडंच यायचंय ना?"

आलं पुन्हा तेच. नातीला सांभाळायला म्हणून ही दिवाळीनंतर पुण्याला गेली, ती तिकडचीच झाली. आता घराला कुलूप लावून मलाही या म्हणतात. सातव्या मजल्यावर! तिथं मी काय करू, कबुतरं मोजू?

१४ फेब्रुवारी

रिसीव्हर टीव्हीखाली ठेवला. निळा दिवा लागतो. तेवढीच सोबत.

गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही आमचा. मॅच असली की हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, जिन्यात पोरं बसायची. ही चहा करून करून वैतागायची, पण दार कधी लावलं नाही. पुढं सगळ्यांच्या घरी टीव्ही आले, ते ठीक. पिराजीची हाक तरी होती! केएमटीच्या बसवर ड्रायव्हर होता. गुडघे गेले, जिना चढत नाही. रोज संध्याकाळी सहाला खाली उभा राहून ओरडायचा, "ओ सुपरवायझर!" ही आतून म्हणायची, "अहो, हाक आली, जावा." मी चप्पल घालायचो. तालमीच्या कट्ट्यावर आठपर्यंत गप्पा.

ही गेली आणि हाक बंद. त्याच आठवड्यात! म्हणजे मान हिचा होता. माझा नव्हताच कधी. आणि बोलावल्याशिवाय जाऊन बसणारा मी नव्हे. हल्ली मागच्या बोळानं जातो-येतो, कट्टा लागतच नाही.

ठरवलं. नऊ मार्चला क्रिकेटची फायनल, रविवार. आपली टीम असो नसो. त्याआधी या डब्याला चांगले स्पीकर लावायचे, गल्लीकडची खिडकी सताड उघडायची. हॉल भरला तर राहतो इथंच. नाही भरला तर कुलूप आणि पुणं. कुणाला सांगायचं नाही. इथं लिहिलं, बास.

१८ फेब्रुवारी

आजऱ्याहून दादासो आला. हिचा भाऊ. मंडप आणि साउंडचा धंदा. रिसीव्हरचं फोनवर बोललो होतो, तर पठ्ठ्या टेम्पोतून मिरवणुकीतले दोन बॉक्स घेऊन हजर! एकेक कपाटाएवढा. हॉलचं दार काढावं लागलं.

"दाजी, हे लावा. पार गल्ली हालली पायजे."

"अरे, चालतील का याला?"

"न चालायला काय झालं? वायर ती वायर!"

आवाज वाढवला. खिडकीच्या काचा थरथरल्या, देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजली, आणि खट्! सगळं बंद. रिसीव्हरवर अक्षरं — प्रोटेक्ट. पुन्हा चालू केला, पुन्हा खट्. दादासो म्हणाला, "ह्येच्यात दम न्हाय." दम नसलेलं मशीन तिथंच ठेवून आम्ही जेवलो. काजूची पिशवी देऊन गेला. बॉक्स परत चढवताना माझी कंबर धरली.

हसलो मात्र खूप. गेल्यावर घर जास्तच रिकामं वाटलं.

२० फेब्रुवारी

आमटी तीन दिवस पुरली. मीठ जास्त झालंय की नाही, कुणाला विचारायचं?

२२ फेब्रुवारी

शाहूपुरीत स्पीकरच्या दुकानात गेलो. दुकानदार धैर्यशील, चाळिशीचा असेल, बोलायला हौशी. मी विचारलं, "सगळ्यात जास्त वॅटचे कुठले?"

"काका, वॅट ऱ्हाऊ दे बाजूला. रिसीव्हरच्या मागं ओहम किती लिहिलंय ते बघितलायसा?"

मोबाईलवरचा फोटो दाखवला. सहा ते सोळा. तो हसला. दादासोला फोन करून विचारलं, त्याचे बॉक्स चार ओहमचे निघाले. ओहम कमी म्हणजे स्पीकर जास्त करंट ओढतो. बिचाऱ्या रिसीव्हरला पेलवेना, त्यानं जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतलं. एवढं साधं! फाउंड्रीत जन्म गेला, मोटरचा लोड कळतो मला. हे नाही सुचलं.

मग खोली केवढी, सोफा कुठं, खिडक्या किती — सगळं विचारलं त्यानं. बारा बाय चौदाच्या हॉलला माणसाएवढे स्पीकर नकोत म्हणाला, मांडणीवर बसणारे आठ ओहमचे घ्या, आणि पुढचे तिन्ही एकाच कंपनीचे. नाहीतर बोलणारा माणूस टीव्हीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला की त्याचा आवाजच बदलतो. तासभर ऐकवत होता. चहा पाजला. कुणीतरी इतका वेळ माझ्याशी बोललं, त्यासाठीच दोन जास्तीचे प्रश्न विचारले!

पाच स्पीकर आणि एक वूफर, सांगून आलो.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. रताळी आणायला कपिलतीर्थ मंडईत गेलो. गर्दीत पिराजी दिसला. डाव्या बाजूनं गेला, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून. एक शब्द नाही! मीही मान वळवली नाही. काय बिघडवलंय मी याचं?

रात्री हिचा फोन. "जेवलासा का?" जेवलो म्हटलं. "गल्लीत काय विशेष?" विशेष काही नाही म्हटलं. काय सांगू? तुझ्या माघारी मला कुत्रं विचारत नाही, हे सांगू?

१ मार्च

स्पीकर बसले. धैर्यशीलच्या माणसानं रिसीव्हरला छोटा माईक जोडला, सोफ्यावर ठेवला. सगळ्या स्पीकरमधून आळीपाळीनं फुस्स आवाज, मग रिसीव्हर आपलं आपण जुळवून घेतो. तो गेल्यावर मी एक जुनी मॅच लावली.

उजव्याचा आवाज छान. पाठीमागचाही. पण डावा मेला हळू! बॅटचा टण्णकन आवाज यायला पाहिजे, तर भिंतीपलीकडून आल्यासारखा.

३ मार्च

डावा बदलून दिला. तरी तेच. म्हटलं, अख्खा लॉटच बिघडलाय तुमचा. वायर बदलली. तेच! फोनवर जरा जास्तच बोललो. पण फायनल तोंडावर आलीय आणि हे लोक ढिम्म.

४ मार्च

आपली टीम फायनलला पोचली. गल्लीत फटाके. मी खिडकी लावून घेतली.

७ मार्च

दुपारी धैर्यशील स्वतः आला. माईक लावला, आकडे बघितले. सगळे स्पीकर सारखे! मी म्हटलं, तुझा माईकच खोटा. त्यानं मला उठवलं, खुर्ची उलटी केली.

"काका, टीव्हीकडं पाठ करून बसा की जरा."

बसलो. तोच आवाज, तीच मॅच. आता डावा खणखणीत! आणि उजवा भिंतीपलीकडं गेलेला.

त्यानं रिमोट हळूच टीपॉयवर ठेवला. "माझ्या वडलांचंबी आसंच झालतं काका. दाखवून या." पैसे मागितले नाहीत, वायरी गुंडाळायला लागला. परवा याच्या माणसाला काय काय बोललो मी! खाली बघून बसलो.

७ मार्च, डॉक्टरकडून आल्यावर

संध्याकाळी लगेच गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन. "आवाज आला की बटण दाबा." उजव्याला भराभर दाबलं. डाव्याला वाट बघत बसलो. मला वाटलं मशीन सुरूच केलेलं नाही.

"फाउंड्रीत ग्राइंडिंगला होता? मशीन कुठल्या हाताला?"

डाव्या.

"फोन कुठल्या कानाला लावता?"

उजव्या. कधीपासून, ते आठवेना.

मशीन घ्या म्हणाले कानाला, उपयोग होईल. हो म्हणून आलो. जिना चढताना वाटलं, कशासाठी? बहिऱ्याच्या घरी कोण मॅच बघायला येणार? सगळ्यांना सारखं "काय? काय?" करत बसू? ऋतुराजला फोन लावला — रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. कुलूप लावून. तो खूश झाला. मागून हिचा आवाज, "खरंच येतायत?" तीही खूश.

मी एकटाच रडलो. लिहायला लाज वाटते, पण लिहिलं.

८ मार्च

बॅग भरली. स्पीकर परत घेईन म्हणाला धैर्यशील. खुर्ची त्यानं फिरवली तशीच होती, टीव्हीकडे पाठ. सरळ करायचा कंटाळा आला. तशीच बसलो, खिडकी उघडी, उजवा कान गल्लीकडे, एरवी डावा असतो तिकडं.

सहा वाजले असतील. खालून —

"ओ सुपरवायझर! येतायसा न्हवं?"

पिराजी! मी उजवा कान आणखी खिडकीकडं नेला. पुन्हा ओरडला, आणखी मोठ्यानं. मग कुणाला तरी म्हणाला, "आजबी न्हाय येत. चला. उद्या मारू की परत हाक."

आजबी!

खिडकीतून निम्मा बाहेर वाकलो आणि बोंबललो, "थांब रे! आलो!" कुत्री भुंकायला लागली इतक्या मोठ्यानं.